इंजिनाला लावलेली राळ

परवा सकाळी मुलाच्या गाडीखाली, पोर्चच्या पांढऱ्या फरशीवर, तेलाचा एक काळा थेंब दिसला. सुनेला काळजी फरशीची, मुलाला गाडीची. मी मात्र खुर्ची ओढून तिथेच बसले आणि त्या थेंबाकडे जरा जास्तच मायेने पाहत राहिले. मे महिना, सकाळीच अंगणात पाय ठेववत नाही, शेजारचा कूलर घरघरतोय, आणि माझ्या नाकात राळेचा वास भरून आला. आमच्या घरात राळ येऊन कित्येक वर्षं झाली असतील.

"आई, सर्व्हिस सेंटरला फोन करते," सून म्हणाली.

"कर. पण आधी खाली एक पुठ्ठा सरकव."

"पुठ्ठा कशाला?"

"कुठून गळून राह्यलं ते कळते."

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जशी काही म्हातारी आता गाडीचीही सासू झाली. पण पुठ्ठा सरकवला. फ्रिजच्या खोक्याचा होता, चांगला जाड.

उन्हाळा म्हटला की मला रेतीवर उपड्या पडलेल्या नावा आठवतात. वैनगंगा मे महिन्यात अंग चोरून घेते. एवढं मोठं पात्र, पण पाणी एका कडेने, गुडघाभर. त्या रेतीत काठच्या गावांमधल्या नावा पोट वर करून ठेवलेल्या असायच्या. जुन्या फटींतल्या चिंध्या उपसून काढायच्या, लाकूड खरवडायचं, उन्हात वाळू द्यायचं. मग तीन दगडांच्या चुलीवर मडक्यात राळ आणि जवसाचं तेल उकळायचं, त्यात चिंध्या बुडवायच्या आणि गरम गरम फटीत ठोकून बसवायच्या. राळ तापली की धुपासारखा वास सुटतो. नदीवर जाणाऱ्या बायांच्या लुगड्यांना तो वास बसायचा आणि पावसाळ्यापर्यंत जायचा नाही.

गोष्ट ऐंशीच्या दशकातली, माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्याची. गाव ब्रह्मपुरीच्या अलीकडे, नदीकाठचं. पलीकडचा मुलूख आरमोरीचा. सासर ढिवराचं, माहेरही ढिवराचंच, पण माझ्या वडिलांनी जाळं सोडून चंद्रपुरात गॅरेजची नोकरी धरली होती. त्यामुळे मी मासोळीपेक्षा ग्रीसच्या वासात वाढले. सासरी पहिले काही दिवस मरळ साफ करताना ती हातातून निसटायची आणि शेजारणी तोंडाला पदर लावून हसायच्या. मी मनातल्या मनात म्हणायची, तुम्ही एकदा कार्बोरेटर उघडून दाखवा, मग हसा.

सासरे कवडूभाऊ. आम्ही सुना सासऱ्याला मामाजी म्हणतो. मामाजी नावा दुरुस्त करायचे. नुसतं दुरुस्त करायचे म्हटलं तर त्यांचा अपमान होईल. पावसाळ्यात हीच नदी या थडीपासून त्या थडीपर्यंत लाल होऊन धावते. तेव्हा लेकराला कडेवर घेऊन नावेत पाय ठेवणारी बाई पाणी किती खोल आहे ते विचारत नसे. ती विचारायची, "कवडूभाऊच्या हातची आहे ना?" हो म्हटलं की बसायची. मामाजींच्या हाताचं हे नाव सगळ्या घाटांवर होतं. ते स्वतः फार कमी बोलत. नावेच्या पोटावर तळहात फिरवत जायचे आणि जिथे हात थांबला तिथे खडूची रेघ ओढायचे.

आणि शालिक, म्हणजे माझा नवरा. तेव्हा मी त्यांचं नाव घेत नव्हते. आता घेते, आणि तेही मुकाट्याने ओ देतात. शालिकला नावेचा कंटाळा आणि चाकांचं वेड. त्यांनी सरकारी लिलावातली एक जुनी जीप आणली होती. हिरवी, पत्र्याची, आलापल्लीकडच्या जंगलात उभा जन्म गेलेली. तिच्यात माणसं भरून ते ब्रह्मपुरीला फेऱ्या मारायचे. जीप चालायची झकास, पण गळायची. जिथे उभी राहील तिथे खूण ठेवून जायची. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मी तिच्याखाली पुठ्ठा सरकवला. शालिक म्हणाले, "हे काय वं?" मी म्हटलं, "आमच्या गॅरेजमधी असंच करतात." त्यांना बायको आवडली ती त्या दिवशी, असं ते अजून सांगतात. लग्नात मग काय पाहिलं होतं कोण जाणे.

माझ्या वडिलांचं एक म्हणणं होतं. तेल वरून खाली येते, म्हणून खाली ओलं दिसलं तरी दोष वर शोधायचा. आधी इंजिन रॉकेलने स्वच्छ धुवायचं, पुसून कोरडं करायचं, थोडं चालवायचं आणि मग दिवा घेऊन बघायचं की पहिला ओलावा कुठे येतो. बरेचदा चेंबरमधून, म्हणजे तळाच्या तेलाच्या भांड्यातून गळतंय असं वाटतं आणि प्रत्यक्षात वरच्या झाकणाचं पॅकिंग सुकलेलं असतं. शालिकला हे सगळं पटायचं, पण फेरी सोडून गाडी दोन दिवस उघडी ठेवायची कोणी? ते आपले सीटखाली तेलाचा डबा ठेवायचे आणि रोज सकाळी जीपला तेल पाजायचे. लोक हसायचे. "शालिकची जीप पेट्रोलवर नाई, ऑइलवर चालते," असं म्हणायचे.

हे हसणं मामाजींना लागायचं. एकदा जेवताना म्हणाले, "जगाच्या नावा मी बंद करतो अन् माह्याच घरची चीज गळते. बरं दिसते काय?"

"बा, ते लाकूड नोहे, लोखंड आहे," शालिक म्हणाले.

"गळते ना? मंग सारखंच."

मी वाढत होते. सासरी नवीन असलेल्या सुनेने अशा वेळी काय बोलायचं असतं? भात वाढायचा असतो.

मे महिन्यातच गावचा तलाव आटतो. आमच्याकडे गाव तिथे तलाव, जुन्या मालगुजारांनी बांधलेले. पाणी कंबरेखाली आलं की ढिवरांची सगळी घरं मिळून तलाव झाडून काढतात. काही दिवस नुसती मासोळीच मासोळी. रोहू, कतला, चिखलात दडलेल्या मरळी, मूठमूठ झिंगे. वर्षभराची वाट पाहिलेली ती मासोळी ऊन चढायच्या आत बाजारात गेली तर सोनं, नाही तर कुत्रीही तोंड लावत नाहीत. आजवर ती बेपाऱ्याच्या गाडीत जायची आणि बेपारी देईल तो भाव. त्या वर्षी मामाजींनी सगळ्या घरांसमोर शब्द टाकला की औंदा मासोळी शालिकच्या जीपमधून जाईल. सोमाजी म्हणून एक जाणते होते, त्यांनी मान हलवत विचारलं, "गळकी आहे ना ते?" मामाजी म्हणाले, "नाई गळणार."

मासोळी न्यायच्या आदल्या दिवशी शालिक ब्रह्मपुरीला बाजारातली जागा ठरवायला गेले होते, एसटीने. मी तलावावर बायांबरोबर होते. घरी आले तर अंगणभर धुपाचा वास. जीपचं बोनेट उघडं, बाजूला राळेचं मडकं, आणि मामाजी गुडघ्यावर बसून इंजिनावरून तळहात फिरवत होते. हात थांबेल तिथे चिंधी. नटांच्या कडेने, झाकणाच्या कडेने, खाली चेंबरला. मला हसू आलं आणि मग आलं नाही. इतक्या निगुतीने कोणी इंजिनाला हात लावलेला मी आमच्या गॅरेजातही पाहिला नव्हता. त्यांनी काय काय बांधलं ते सगळं मला त्या चिंध्यांच्या गर्दीत दिसलं नाही. शालिक आले, त्यांनी डोक्याला हात लावला, पण बापासमोर एवढंच म्हणाले, "बरं झालं."

आणि सकाळी खरोखर पुठ्ठा कोरडा होता. लग्न होऊन आल्यापासून मी तो कोरडा पाहिला नव्हता. शालिकनी काडी काढून तेल पाहिलं, पुरेपूर. "पाहा वं, थेंब नाई!" ते लहान मुलासारखे ओरडले. तेलाचा डबा सीटखालून काढून त्यांनी ओट्यावर ठेवला आणि त्या जागी झिंग्यांची एक टोपली बसवली. मागे टोपल्यांवर पळसाची पानं, पानांवर ओली पोती, आणि पोत्यांच्या मधे मामाजी आणि बाजाराला येणाऱ्या बाया. त्यांत गिरजाबाई, गावातली सगळ्यात तिखट जीभ. मी पुढे, नवऱ्याच्या शेजारी. मोहाच्या झाडांखालून जीप निघाली तेव्हा मला वाटलं, संसार म्हणतात तो हाच असावा.

गाव मागे पडलं आणि वास यायला लागला. "कोनाच्या घरी धूप देऊन राह्यले बापा, सकाळी सकाळी?" गिरजाबाई म्हणाली. बाया हसल्या. इंजिन तापलं होतं आणि राळ वितळून खाली ठिबकत होती. ते एक वेळ चाललं असतं. पण मग धुपाच्या वासात दुसरा वास मिसळला. जळक्या तेलाचा. तो मला झोपेतही ओळखू येतो. मी शालिकच्या हातावर हात ठेवला, आणि त्याच वेळी बोनेटच्या फटीतून निळा धूर आला.

बोनेट उघडलं. चेंबरच्या चिंध्या गळून पडल्या होत्या. तेल कुठून येत नव्हतं ते विचारा. वरच्या झाकणातून, मागच्या सीलमधून. तेल मोजायची काडी आतल्या जोराने वर उचलली गेली होती आणि तिच्या नळीतून फेस येत होता. रोज थेंब थेंब गळणारं इंजिन आता सगळीकडून घाम फुटल्यासारखं झालं होतं. मला वडिलांचं वाक्य आठवलं: "इंजिनाले सास घ्याले जागा लागते. ते बंद झाली की मिळन तिथून फुटते."

"सास घ्याची नळी कुठी आहे?" मी विचारलं.

शालिकनी बोट दाखवलं आणि बोट तिथेच राहिलं. इंजिनाच्या कुशीला ती नळी होती, तोंडावर जाळीचं टोपण. पंख्याच्या वाऱ्यात असल्यामुळे तिथली राळ वितळली नव्हती. ओल्या चिंधीचे घट्ट वेढे, वरून तार पिळलेली, एखाद्या जखमेला पट्टी बांधावी तशी.

मामाजी टोपल्यांवरून उतरून आमच्या मागे येऊन उभे होते. त्यांनी त्या चिंधीवर बोट टेकवलं. मग म्हणाले, "वलं होतं ते."

ओलं होतं, खरंच होतं. त्या टोपणावर तेलाची वाफ नेहमीच जमते, ती जमायचीच असते. पण ज्या माणसाने उभं आयुष्य ओल शोधण्यात घालवलं त्याच्या हाताला हे कोण सांगणार? नावेत बाहेरचं आत येऊ द्यायचं नसतं. एकही जागा सोडायची नसते, सोडली तर माणसं जातात. इंजिनात उलट. आतलं तेल आत ठेवायचं, पण आतला वारा मात्र बाहेर सोडायचा. मामाजींचा हात चुकला नव्हता, तो फक्त नदीवरून उठून रस्त्यावर आला होता. लिहिणारे लोक इथे इंजिनावरून माणसाच्या मनावर जातात, कोंडलेलं दुःख वगैरे काढतात. मला ते जमत नाही. मला त्या वेळी फक्त मामाजींची पाठ दिसत होती. त्यांनी कंबरेची सुरी काढली, तार कापली, चिंधी सोडवली आणि सुरीच्या टोकाने टोपणाची जाळी खरवडत राहिले. मी तोंड वळवलं, कारण मला रडू येत होतं.

ऊन चढत होतं. तेलाचा डबा ओट्यावर, घरी. शालिक वाटेतल्या धानाच्या गिरणीकडे धावत निघाले, तिथल्या इंजिनासाठी तेल ठेवलेलं असायचं. पण मासोळी थांबणार होती का? गिरजाबाईने पदर कमरेला खोचला, डोक्यावर चुंबळ ठेवली आणि म्हणाली, "जीप नोहती तवा काय मासोळी उडत जात होती? उचला गा." बायांनी टोपल्या उचलल्या. मला कोणी विचारलं नाही, माझ्याही डोक्यावर एक आलीच. मान मोडली, पाणी गळून पाठ भिजली, डांबर चपलेतून भाजत होतं. वाटेत लागतील त्या वस्त्यांमध्ये ओरडत, विकत, धानाच्या बदल्यात देत आम्ही गेलो. ब्रह्मपुरीजवळ जीपने आम्हाला गाठलं. जे डोक्यावर नेलं ते सगळं खपलं. जे जीपमध्ये राहिलं होतं, त्यातलं निम्मं बाजारात पोहोचेपर्यंत हातात धरवत नव्हतं.

इथे थोडं पुढचं सांगून टाकते, कारण आमच्या मुलाला वाटतं की गळती म्हणजे नट आवळले की संपली. पुढच्या आठवड्यात माझे वडील चंद्रपूरहून आले. त्यांनी जीप दोन दिवस उघडी ठेवली आणि शालिकला फेरीचं नावही काढू दिलं नाही. जुनं पॅकिंग नखाने, मग पातीने खरवडून काढलं. "नवं पॅकिंग घाणीवर बसत नाई," ते म्हणाले. बुचाच्या पॅकिंगला दोन्ही बाजूंनी शेलॅकचा पातळ हात दिला. नट मधून सुरू करून कडेला, आलटून पालटून, थोडे थोडे आवळले. जोर लावला की बूच चेंगरतं आणि पुन्हा गळतं, हे त्यांनी शालिकला कान धरून शिकवलं. मामाजी बाजूला उकिडवे बसून सगळं पाहत होते. त्यांनी शेलॅकचा डबा उचलून नाकाला लावला आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला. "हे त लाख आहे! पळसाची का?" वडील म्हणाले, "लाखच जी, जंगलातलीच, फक्त डब्यात भरून येते." मग ते दोघं व्याही जीप विसरून लाख, राळ आणि डिंक यांवर दुपारभर बोलत बसले. मामाजी एवढं बोलू शकतात हे आम्हाला माहीतच नव्हतं.

पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशीची संध्याकाळ अजून बाकी होती.

बाया एसटीने पुढे गेल्या होत्या. परतताना जीप हळू चालली होती. मामाजी मागे रिकाम्या टोपल्यांमध्ये बसले होते. शालिक समोर पाहत हळूच म्हणाले, "मी सांगतो का जीपच बिघडली. बाचं नाव नाई काढत."

"मंग उद्या जीपमधी मासोळी कोन टाकन?" मी विचारलं. "बेपाऱ्यालेच जाईन सारी. औंदाबी अन् पुढंबी."

"अन् खरं सांगतलं त? पावसाळ्यात त्याच्या हातच्या नावेत कोन बसन? म्हनन, बुढ्ढ्याले कोनतं भोक बंद करा लागते तेही समजत नाई."

दोन नावं होती, एक जीपचं आणि एक त्या हाताचं, आणि त्यातलं एक संध्याकाळपर्यंत जाणार होतं. मागे टोपल्या आदळत होत्या. मामाजींना ऐकू गेलं की नाही, मला कळायला मार्ग नव्हता.

तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, सगळी घरं जमली. मासोळी वाया गेल्याची बातमी आमच्या आधीच पोहोचली होती. कोणी ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं. सोमाजी शांतपणे म्हणाले, "शालिक, तुह्या जीपचा भरोसा नाई. उद्याची मासोळी बेपाऱ्याच्याच गाडीत जाऊ दे."

"हो भाऊ," शालिक म्हणाले. "जीपच..."

"जीपले काई झालं नाई." मामाजी उभे राहिले होते. माणसांत उभं राहून बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होते. त्यांचे हात अजून राळेने काळे होते आणि ते त्यांनी लपवले नाहीत. "तिले सास घ्याची एक नळी रायते. मले वलं लागलं, मी नाव समजून बांधून टाकली. पोरगा नोहता घरी. चूक माह्या हाताची आहे. जीपची नाई, पोराची नाई."

खाली रेतीवर अर्ध्या झालेल्या नावा पडल्या होत्या, तिथून दिसत होत्या. बऱ्याच जणांची नजर तिकडे गेली. मामाजींचीही गेली. शालिकनी मान खाली घातली. मला वाटलं, आता कोणीतरी उठेल, आपली नाव दुसऱ्या घाटावर नेतो म्हणेल, आणि मग एकेक जण उठेल.

उठली ती गिरजाबाई. दिवसभर टोपली वाहून तिची मान वाकडी झाली होती. ती हाताने चोळत ती म्हणाली, "कवडूभाऊ, उद्या माही नाव घेजो मंग. अन् तिले सास-बीस काई लागत नाई. सारीच्या सारी भोकं बंद करजो."

आधी एक बाई हसली, मग सगळी पाळ हसली. सोमाजींनी हसू दाबत तंबाखूची चंची उघडली आणि पहिली चिमूट मामाजींपुढे धरली.

दुसऱ्या दिवशी पहाटे टोपल्या जीपमध्येच चढल्या, तेलाचा डबा माझ्या पायाशी होता आणि जीप पूर्वीसारखी थेंब थेंब गळत होती. मामाजी आमच्याबरोबर आले नाहीत. गिरजाबाईची नाव त्यांची वाट पाहत रेतीवर उपडी पडली होती.